न बोलता पटवणारी चित्रं: वेष्टनं आणि प्रतिमांमधल्या छुप्या युक्तिवादांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोके, बाटल्या, जाहिराती, बातम्यांतले फोटो यांचं विश्लेषण शिकणाऱ्यांकडून आणि शिकवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, थोडी तिरकस असली तरी. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण दुसरा प्रश्न सोडू नका. पुढची निम्मी उत्तरं त्यावरच उभी आहेत.

१. चित्र तर मुकं असतं. मग त्यात युक्तिवाद कुठून आला?

युक्तिवाद म्हणजे वादावादी असं समजू नका. एखादी गोष्ट पटावी म्हणून पुढे केलेलं कारण, एवढाच इथे अर्थ. रसाच्या खोक्यावर एक संत्रं आहे आणि त्यात थेट स्ट्रॉ खोचली आहे, असं समजा. चित्र सांगतं की आतला रस फळातून सरळ तुमच्या तोंडी येतो, मध्ये कोणाचा हात लागलेला नाही. हे वाक्य खोक्यावर कुठेही छापलेलं नसतं. छापलं असतं, तर तुम्ही लगेच विचारलं असतंत, "मग हा खोका कारखान्यात कशाला गेला होता?" चित्राला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अमेरिकेत ट्रॉपिकानाच्या खोक्यावर हेच चित्र वर्षानुवर्षं होतं. जानेवारी २००९ मध्ये ते काढून रसाने भरलेला पेला छापला गेला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुना खोका परत आणला. ओळखीचा खोका फळीवर सापडेनासा झाला, हे या घसरणीचं मोठं कारण सांगितलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक फरक पडला होता. स्ट्रॉ खोचलेलं संत्रं रस कुठून आला ते सांगायचं. पेला फक्त सांगत होता की हा रस आहे, आणि ते तर सगळ्यांना माहीतच होतं.

२. न बोललेला युक्तिवाद शोधायचा कसा? काही पद्धत आहे का?

आहे, आणि ती फार जुनी आहे. न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, नेहमीचं उदाहरण घ्या: डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. हे अनुमान कशाच्या जोरावर उभं आहे? "जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी" या नियमाच्या जोरावर. या नियमाला व्याप्ती म्हणतात. वेष्टन तुम्हाला धूर दाखवतं, अग्नीचं नाव तुम्ही काढता, आणि व्याप्ती कोणीच उच्चारत नाही. तिकडे अ‍ॅरिस्टॉटलनेही अशा अर्धवट सोडलेल्या युक्तिवादाचा विचार केला होता. त्याला एन्थिमीम म्हणतात. राहिलेलं वाक्य ऐकणारा स्वतः भरतो, त्यामुळे निघालेला निष्कर्ष त्याला स्वतःचाच वाटतो. आपलंच मत आपण तपासत बसत नाही.

न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आपल्या कामाला तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत डोळ्यांना काय दिसतं ते लिहा. हा हेतू, म्हणजे धूर. दुसऱ्या ओळीत काय पटवायचं आहे ते लिहा, ही प्रतिज्ञा. तिसऱ्या ओळीत "जिथे... तिथे..." असं पूर्ण वाक्य लिहा.

सगळ्यांची गाडी तिसऱ्या ओळीवर अडते. बहुतेक जण तिथे "नैसर्गिकता", "आपुलकी", "विश्वास" असा एखादा गुळगुळीत शब्द टाकून मोकळे होतात. शब्द खरा की खोटा हे ठरवता येत नाही, वाक्याचं ठरवता येतं. म्हणून वाक्यच लिहा, मग ते कितीही बाळबोध दिसलं तरी चालेल. ते बाळबोध दिसणं हाच बऱ्याचदा पहिला पुरावा असतो.

३. एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

शाम्पूची एक बाटली घेऊ. नाव सोडून देऊ, कारण अशा डझनभर तरी सापडतील.

बाटली हिरवट, धुरकट काचेची वाटते, पण टिचकी मारली की प्लास्टिक असल्याचं कळतं. लेबल खाकी कागदाचं दिसतं. त्यावर अंगठा फिरवला की लक्षात येतं की कागद नाहीच, गुळगुळीत पट्टीवर कागदाचे तंतू छापले आहेत. मधोमध कोरफडीचं आडवं कापलेलं पान आहे आणि कापलेल्या टोकाशी एक थेंब, पडायच्या बेतात. वर नाव हाताने लिहिल्यासारखं आहे. त्या नावात दोन "र" आहेत आणि दोन्ही तंतोतंत सारखे आहेत. माणसाच्या हातचे दोन "र" इतके कधी जुळत नाहीत. खाली कोपऱ्यात प्रयोगशाळेतला काचेचा चंबू, नखाएवढा. मागच्या बाजूला घटकांची यादी: आधी पाणी, मग फेस आणणारी द्रव्यं, आणि कोरफडीचा अर्क पार शेवटाकडे, सुगंधाच्या शेजारी. अशी यादी साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. मात्र १ टक्क्याहून कमी असलेले घटक बऱ्याच देशांत कोणत्याही क्रमाने देता येतात.

आता तिसऱ्या ओळी लिहू. थेंबाची व्याप्ती: "जिथे ज्या वनस्पतीचं चित्र, तिथे आत मुख्यतः तीच वनस्पती." खाकी कागदाची: "जिथे बांधणी साधी, तिथे बनवण्याची रीतही साधी." हस्ताक्षराची: "जिथे हस्ताक्षर, तिथे कोणाचा तरी हात." पहिली व्याप्ती घटकांच्या यादीपाशीच कोसळते. दुसरी खरी असती तरी इथे लागू झाली नसती, कारण कागदच खोटा आहे. तिसरीचं काय झालं ते दोन "र" सांगतात.

मला या बाटलीत सगळ्यात रस वाटतो तो चंबूत. पान निसर्गाची बाजू मांडत असताना प्रयोगशाळा कशाला आणली? कारण पानामुळेच एक शंका उभी राहते: "पाल्याने केस खरंच स्वच्छ होतात का?" त्या शंकेला चंबू उत्तर देतो. म्हणजे इथे पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही आहेत, आणि दोन्ही चित्रांतच. वेष्टनावर एकमेकांच्या विरोधातल्या दोन गोष्टी शेजारी दिसल्या, तर आधी विचारा की यातली कोणती दुसरीने उठवलेली शंका मिटवायला आली आहे.

४. अहो, पान नुसतं छान दिसतं म्हणूनही छापलेलं असेल! प्रत्येक रेघेत अर्थ शोधायचा का?

नाही. जे काढून दुसरं काही ठेवलं तरी निष्कर्ष बदलत नाही, ती सजावट. पानाच्या जागी मनातल्या मनात निळे त्रिकोण ठेवून बघा. "नैसर्गिक" हा निष्कर्ष नाहीसा झाला का? झाला असेल, तर पान काम करत होतं. कडेच्या वेलबुट्टीच्या जागी साधी रेघ ठेवली आणि काहीच बदललं नाही, तर वेलबुट्टी सोडून द्या.

काही गोष्टी सवयीच्याही असतात. घड्याळाच्या जाहिरातींत काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतात. त्यात गूढ अर्थ शोधणारे पुष्कळ भेटतात. पण काटे तसे ठेवले की मधलं कंपनीचं नाव झाकलं जात नाही आणि चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, एवढ्याने त्याचा बराचसा उलगडा होतो.

५. शाळेत अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो होतो. ते इथे चालतं का?

चांगलंच चालतं, आणि मला तर परकीय परिभाषेपेक्षा हेच हत्यार जास्त हाताळण्याजोगं वाटतं. "गंगेवर वस्ती" हे जुनं उदाहरण आठवा. अभिधेने, म्हणजे शब्दशः, अर्थ होतो प्रवाहावर वस्ती, आणि ते अशक्य. लक्षणेने अर्थ होतो काठावरची वस्ती. मग सरळ "काठावर" असंच का म्हटलं नाही? कारण "गंगेवर" म्हटल्याने गारवा आणि पावित्र्य सूचित होतं, आणि ही व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याचा प्राण म्हणून जो ध्वनी सांगितला, तो हाच सूचित अर्थ.

कोरफडीचं पान अभिधेने वनस्पतीचं चित्र आहे, लक्षणेने "यात कोरफड आहे", आणि व्यंजनेने "हे सौम्य आहे, निर्धोक आहे". सगळी कमाई तिसऱ्या पायरीवर होते. तक्रार झाली तर माघार मात्र पहिल्या पायरीवर घेतली जाते: "आम्ही तर नुसतं पान छापलं होतं."

फरक एकच सांगून ठेवतो. कवितेतला ध्वनी खरा की खोटा असं आपण विचारत नाही. वेष्टनाच्या ध्वनीला ते विचारायचं असतं.

६. चित्राला युक्तिवाद म्हणणंच मुळात चूक आहे, असं आमचे सर म्हणतात.

तुमचे सर एकटे नाहीत. १९९६ मध्ये युक्तिवादाच्या अभ्यासकांमध्ये यावर रीतसर चर्चा झाली. डेव्हिड फ्लेमिंग यांचं म्हणणं होतं की युक्तिवादाला दावा आणि आधार असे दोन वेगळे ओळखता येणारे भाग लागतात, चित्रात ते सुटे करता येत नाहीत, त्यामुळे चित्र फार तर आधार होऊ शकतं. अँथनी ब्लेअर आणि लिओ ग्रोर्क यांची भूमिका अशी की दृश्य युक्तिवाद असू शकतात आणि ते शब्दांच्या युक्तिवादांसारखे तपासताही येतात. त्याआधी, १९७५ मध्ये, सोल वर्थ यांनी एका मर्मावर बोट ठेवलं होतं: चित्राला "नाही" म्हणता येत नाही. "इथे मांजर नाही" याचं चित्र काढून बघा. लाल तिरकी रेघ मारावी लागेल, आणि ती रेघ म्हणजे चित्राच्या अंगरख्यातला शब्दच.

माझं मत विचाराल तर मी मधला आहे. एकटं चित्र क्वचितच पूर्ण युक्तिवाद असतं. पण खोक्यावर चित्र एकटं नसतंच. नाव असतं, रंग असतो, ज्या फळीवर ठेवलं आहे ती असते, आणि "घ्या" हा दावा तर खोक्याच्या असण्यातच असतो. परीक्षेत सरांचं उत्तर लिहा, बाजारात दोन्ही लक्षात ठेवा.

७. कोणत्या रंगाचा काय अर्थ, याचा तक्ता मिळेल का?

मिळेल, आणि तो फाडून टाका. असे तक्ते लाल म्हणजे ऊर्जा, निळा म्हणजे विश्वास असं ठोकून देतात. तोच लाल अग्निशामक नळकांड्यावर, भेटकार्डावर आणि इशाऱ्याच्या पाटीवर तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. रंगाला अर्थ येतो तो शेजाऱ्यांमुळे. सगळ्या बाटल्या पांढऱ्या असलेल्या फळीवर एक काळी बाटली म्हणते, "मी यांच्यातली नाही." फळीच काळी झाली की ती गप्प होते.

रंग खरंच बोलतो याचा सर्वांत सज्जड पुरावा रंग काढून घेण्यातून मिळाला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून सिगारेटच्या पाकिटांवरून बोधचिन्हं आणि आकर्षक रंग हटवले. सगळी पाकिटं एकाच मळकट तपकिरी-हिरवट रंगाची, पँटोन ४४८ सी या छटेची झाली. नाव एका ठरावीक अक्षरात, आणि समोरच्या बाजूचा ७५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राला. लोकांना जास्तीत जास्त नकोसा वाटणारा रंग शोधून हा निवडला होता. सुरुवातीला त्याला ऑलिव्ह हिरवा म्हणत, तेव्हा ऑलिव्ह उत्पादकांनी हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. रंग काहीच सुचवत नसता, तर त्यांना हरकत घ्यायचं कारण पडलं नसतं.

८. समोर फळांची चित्रं आहेत, पण मागे घटक खरे लिहिले आहेत. मग फसवणूक कशी म्हणता येईल?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि न्यायालयांपुढेही हा आला आहे.

जर्मनीतल्या टीकाने कंपनीच्या फळांच्या चहाच्या खोक्यावर रासबेरी आणि व्हॅनिलाच्या फुलांची चित्रं होती. आत रासबेरी नव्हती, व्हॅनिला नव्हता, आणि त्यांच्यापासून काढलेला स्वादही नव्हता. घटकांची यादी मात्र अचूक होती. ग्राहक संघटना न्यायालयात गेली. २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की यादी बरोबर असली तरी संपूर्ण वेष्टनाने नसलेला घटक असल्याचा समज होत असेल, तर ते दिशाभूल करणारं ठरू शकतं. मागचं सत्य पुढच्या चित्राचं पाप धुऊन काढेलच असं नाही.

अमेरिकेत २००८ मध्ये गर्बरच्या लहान मुलांच्या खाऊबद्दल असाच निकाल झाला. खोक्यावर संत्री, पीच, स्ट्रॉबेरी, चेरी. आतला फळांचा रस फक्त पांढऱ्या द्राक्षांचा, तोही आटवलेला. समोरच्या बाजूने केलेली दिशाभूल कडेच्या बारीक अक्षरांत तपासत बसावी, अशी अपेक्षा समंजस ग्राहकाकडून करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

तिसरं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. कोका-कोलाच्या एका पेयावर डाळिंब आणि ब्लूबेरी ही नावं ठळक होती. आत डाळिंबाचा रस ०.३ टक्के, ब्लूबेरीचा ०.२ टक्के, आणि सफरचंद-द्राक्षांचा मिळून ९९.४ टक्के. डाळिंबाचा रस विकणाऱ्या पॉम वंडरफुलने दावा लावला. लेबल अन्नविषयक नियमांत बसत असलं तरी प्रतिस्पर्धी दिशाभुलीचा दावा करू शकतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने ठरवलं. पुढे २०१६ मध्ये ज्यूरीने मात्र कोका-कोलाच्या बाजूने कौल दिला. दावा करता येणं वेगळं आणि लोक खरंच फसले हे सिद्ध होणं वेगळं. विश्लेषण लिहिताना हा फरक विसरला जातो: "चित्र असं सुचवतं" हे तुम्ही खोक्यावरून दाखवू शकता, "लोकांना तसं वाटलं" हे खोक्यावरून दाखवता येत नाही.

न्यायशास्त्राच्या भाषेत चहाच्या खोक्यातला दोष "असिद्ध" या हेत्वाभासाचा, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या खोट्या हेतूचा: ज्याला धूर समजलो, ती वाफच होती. खाकी लेबलही त्याच जातीचं. चित्रातली वस्तू आत खरोखर असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष निघत नाही, तेव्हा दोष "सव्यभिचार": हेतू असतो, पण साध्य (जे सिद्ध करायचं ते) नसतं तिथेही तो सापडतो. प्रश्न ३ मधल्या बाटलीत कोरफड असूनही शाम्पू सौम्य असेलच असं नाही, हा दुसरा प्रकार. हे दोन वेगळे ओळखता आले की निम्मे वाद मिटतात.

९. मग चित्र अक्षरशः खरंच असलं पाहिजे का? प्रत्येक अतिशयोक्ती म्हणजे खोटेपणा?

तसं झालं तर सगळे खोके पांढरे करावे लागतील. अमेरिकेत क्रंच बेरी नावाच्या रंगीत गोळ्या असलेल्या न्याहारीच्या खाद्यावरून ग्राहकांनी दावे लावले की आम्हाला ही खरी फळं वाटली. न्यायालयांनी ते फेटाळले. चित्रातल्या गोळ्या लाल-निळ्या-हिरव्या आणि नितळ गोल होत्या. असं फळ कुठल्या झाडाला लागत नाही.

म्हणजे कसोटी अशी की चित्र स्वतःच आपलं सोंग उघडं करतं का. उडणारी गाय कोणाला फसवत नाही. कुरणात चरणारी गाय फसवू शकते, कारण ती शक्य कोटीतली आहे. जेवढं चित्र साधं आणि विश्वासार्ह, तेवढं ते जास्त तपासायचं. आपण नेमकं उलट करतो.

१०. अक्षर नाही, चित्र नाही. नुसता आकार, वजन, आवाज. यांतही युक्तिवाद असतो?

असतो, आणि बहुतेकांच्या विश्लेषणातून हाच भाग सुटतो. क्रीमच्या बरणीचा तळ आतून घुमटासारखा वर आलेला असतो. बाहेरून बरणी मोठी, आत जागा कमी. "जिथे बरणी मोठी, तिथे माल जास्त" ही व्याप्ती डोळ्यांनी भरलेली असते, आणि मागे छापलेलं वजन वाचेपर्यंत ती टिकते. जड झाकण म्हणतं, आतलं मौल्यवान आहे. हवा भरलेली फुगीर पिशवी म्हणते, भरगच्च आहे. ती हवा मात्र नुसती लबाडी नसते, आतला कुरकुरीत माल चुरू नये म्हणूनही ती लागते. म्हणून अमेरिकेच्या नियमांत रिकाम्या जागेचे दोन भाग केले आहेत: काही कामासाठी ठेवलेली आणि बिनकामाची. दिशाभूल मोजली जाते ती दुसरीवरून.

११. बाणांचा त्रिकोण असला की ती वस्तू पुनर्वापरात जाते ना?

नाही, निदान तेवढ्यावरून नाही. एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचं चिन्ह गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने १९७० मध्ये एका स्पर्धेसाठी काढलं. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगाने तसाच त्रिकोण घेऊन त्याच्या पोटात १ ते ७ आकडे घातले. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, दुसरं काही नाही. पण बाण पाहून लोकांच्या मनात व्याप्ती तयारच होती: "जिथे बाण, तिथे पुनर्वापर." २०१३ मध्ये या आकड्यांच्या मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठरवण्यात आला. जुने साचे असलेल्या बाटल्यांवर बाण अजूनही दिसतात. आकड्याचा अर्थ बघा आणि तुमच्याकडे कचरा गोळा करणारे तो प्रकार घेतात का, ते विचारा.

१२. "अमुक-मुक्त" असं लिहिलेलं खरंच असेल, तर त्यात आक्षेप काय?

आक्षेप वाक्यावर नाही, त्याच्या सावलीवर आहे. वनस्पती तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल नाही" हे खरंच असतं, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं, वनस्पती तेलांत ते नगण्य असतं. पण मुद्दाम सांगितलं म्हणजे सांगण्याजोगं असणार, म्हणजे शेजारच्या डब्यात ते असणार, असा आपला हिशोब होतो. "मी आज दारू प्यायलेलो नाही" असं कोणी आपणहून सांगितलं, तर आपण त्याच्या कालच्या दिवसाबद्दल विचार करतो, तसंच. तिसऱ्या ओळीत लिहा: "जिथे नसल्याची जाहिरात, तिथे इतरांत ती गोष्ट असते." मग इतर डबे उलटून बघा.

१३. बातमीतला फोटो तर घडलेलंच दाखवतो. त्यात कसला युक्तिवाद?

कुठे कापला, कोणता क्षण निवडला, किती गडद छापला, खाली काय ओळ दिली, हे सगळे निर्णय असतात. जून १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेला अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर आला. टाइमने तो गडद केला होता. दोन अंक शेजारी ठेवले गेले म्हणून सगळ्यांना ते दिसलं. एरवी चेहरा काळवंडला की माणूस गुन्हेगार वाटायला लागतो, ही व्याप्ती गुपचूप काम करून गेली असती.

सरावासाठी हीच युक्ती वापरा: एकाच घटनेचे दोन ठिकाणचे फोटो शेजारी ठेवा आणि फक्त फरक लिहा. मोर्चाचा फोटो जवळून घेतला की गर्दी ओसंडते, उंचावरून घेतला की मैदान रिकामं दिसतं. खोटं दोघेही बोलत नाहीत.

१४. एकाच चित्राचे दोघांनी दोन अर्थ लावले तर बरोबर कोण?

आधी विचारा, चित्र कोणासाठी काढलं होतं. फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये पँझानी या पास्ता कंपनीच्या एका जाहिरातीचं विश्लेषण केलं, आणि ते आजही पहिला धडा म्हणून शिकवलं जातं. उघड्या जाळीच्या पिशवीतून पास्त्याची पाकिटं, टोमॅटो, कांदे, मिरच्या बाहेर येताहेत. बार्थ म्हणतात, यातून "इटालियनपणा" सूचित होतो. पण हा इटालियनपणा फ्रेंच माणसाच्या डोक्यातला आहे. इटलीतल्या माणसाला टोमॅटोत काही विशेष इटालियन दिसणार नाही.

अर्थ दोन असले म्हणजे कोणताही चालतो असं मात्र नाही. ज्याची तिसरी ओळ चित्रातल्या जास्त तपशिलांना सामावून घेते आणि एकही तपशील तिच्या आड येत नाही, त्याचं म्हणणं वजनदार. बऱ्याचदा चित्राखालची ओळही पर्याय कमी करते. बार्थ तिला नांगराची उपमा देतात, म्हणजे जहाज एका जागी धरून ठेवणाऱ्या नांगराची.

१५. बनवणाऱ्याच्या मनात तसं काही नसेल तर?

त्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही आणि गरजही नाही. "कंपनीला असं भासवायचं आहे" असं लिहू नका, "हे वेष्टन असं सुचवतं" असं लिहा.

हे मी ठेच लागून शिकलो. एका वर्गात औषधाच्या खोक्याच्या कडेवरच्या रंगीत चौकोनांवर मी दहा मिनिटं बोललो. क्रम, उबदार रंगांकडून थंड रंगांकडे जाणं, बरं होण्याचा प्रवास, असं बरंच काही. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, ते छपाईवाल्यांचे शाई तपासायचे ठिपके आहेत. माझे बाबा प्रेसमध्ये आहेत." वर्ग हसला, मीही हसलो. आता कुठलाही तपशील घेण्याआधी तो मुळात पाहणाऱ्यासाठी आहे का, हे बघतो. शाईचे ठिपके, बारकोड, तुकडीचा क्रमांक, घडी घालायच्या खुणा हे सगळं आधी बाजूला काढायचं.

१६. हे सगळं कळूनही मी तोच देखणा खोका उचलतो. काही चुकतंय का?

नाही. मीही उचलतो.

१७. यंत्राने बनवलेल्या चित्रांना हीच पद्धत लावायची का?

तीन ओळी त्याच, पण पहिल्या ओळीवर जास्त वेळ घालवा. फोटोचा सगळा जोर एका व्याप्तीवर असायचा: "जिथे फोटो, तिथे कॅमेऱ्यासमोर ती वस्तू होती." यंत्राच्या चित्रातली हातात मलम धरलेली हसरी बाई कधीच नव्हती, तिच्या गालावरचा फरक कधी पडलाच नाही, आणि तरी "आधी" व "नंतर" असे दोन चौकोन शेजारी छापता येतात. इथे प्रश्न ८ मधला "असिद्ध" दोष आहे. धुरावरून अग्नी निघतो का, हे विचारण्याआधी धूर होता का, हे विचारावं लागतं.

रेखाचित्राचं तसं नाही. हाताने काढलेली बाई कॅमेऱ्यासमोर होती असा दावा करतच नाही, त्यामुळे ती कोणी काढली, माणसाने की यंत्राने, याने युक्तिवादात फरक पडत नाही. तेच चित्र फोटोसारखं दिसू लागलं की फरक पडतो. "आधी–नंतर"च्या जोडीत मी सध्या एवढं तपासतो: दोन्ही चौकोनांत प्रकाश एकाच बाजूने येतो का, केसांची कड जुळते का, आणि किती दिवसांचं अंतर आहे ते कुठे लिहिलं आहे का. तिसरी गोष्ट बहुधा लिहिलेली नसते.